तीर-कामठा : हत्यार की अवजार?

काही वर्षांपूर्वी शहाद्याला एका स्नेह्यांकडे मुक्काम होता. सकाळी फिरायला बाहेर पडलो, तर मैदानावर कराटेचा वर्ग चालू होता. पांढरे गणवेश, कमरेला रंगीत पट्टे, पंधरा-सोळा मुले. त्यातला एक मुलगा बाजूला उभा राहून साखळीने जोडलेले दोन दांडके गरगर फिरवत होता. खांद्यावरून, काखेतून, पाठीमागून ते दांडके असे काही फिरत होते की बघतच राहावे. त्या वस्तूला नानचाकू म्हणतात, हे मला ठाऊक होते. १९७३ साली आलेल्या ब्रूस लीच्या ‘एन्टर द ड्रॅगन’ने ती जगभर पोचवली.

वर्ग संपल्यावर मी त्या मुलाला हाक मारली. ‘काय रे, हे कुठून आलं, माहीत आहे का?’ मुलगा चुणचुणीत. त्याने घडाघडा सांगितले. जपानजवळ ओकिनावा नावाचे बेट आहे. तिथल्या शेतकऱ्यांची हत्यारे राजाने काढून घेतली. मग त्यांनी धान्य झोडपायच्या दांडक्यांचेच हत्यार केले. सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. गाव विचारले, तर धडगावच्या वरच्या अंगाचे, सातपुड्यातले. मी सहज विचारले, ‘घरी तीर-कामठा आहे का?’ मुलाची मान खाली गेली. ‘आहे, सर. आजोबांचा. पण ते जुनं झालं आता.’

हजारो मैलांवरच्या शेतकऱ्याचे दांडके त्याला अभिमानाचे वाटत होते आणि स्वतःच्या घरातल्या भिंतीवरचा कामठा सांगायला संकोच वाटत होता. हा संकोच त्याला कोणी शिकवला? दिवसभर हा प्रश्न डोक्यात राहिला. आणि रात्री एका लोखंडी कपाटाची आठवण झाली. त्या कपाटाविषयी पुढे सांगतो. आधी ओकिनावाची गोष्ट पुरी करू.

आज ज्याला आपण ओकिनावा म्हणतो, ते पूर्वी र्‍युक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते. चीन आणि जपान यांच्यामधल्या समुद्रातली ही बेटांची माळ, आणि व्यापारावर जगणारे लोक. तिथे शो शिन नावाचा राजा होऊन गेला. १४७७ ते १५२६ हा त्याचा काळ. त्याने सरदारांना राजधानीत आणून ठेवले आणि त्यांची शस्त्रे एकत्र केली, असे सांगतात. पुढे १६०९ मध्ये दक्षिण जपानातल्या सात्सुमाच्या सरदारांनी हे राज्य जिंकले, आणि शस्त्रांवर पुन्हा बंधने आली. १८७९ मध्ये जपानने ते राज्यच संपवून त्याचा ओकिनावा हा प्रांत केला.

शेतकऱ्यांनी अवजारांची शस्त्रे केली, ही दंतकथा या इतिहासावर उभी आहे. ‘कामा’ म्हणजे विळा. ‘एकू’ म्हणजे नावेचे वल्हे. ‘तोन्फा’ म्हणजे आडवी मूठ असलेला दांडका. तो जात्याच्या खुंट्यापासून आला असे सांगतात. नानचाकू म्हणजे धान्य झोडपायचे दांडके, किंवा दुसऱ्या मताप्रमाणे घोड्याच्या लगामाचा तुकडा. अभ्यासक मात्र या कथेकडे जरा सावधपणे बघतात. त्यांच्यापैकी काहींचे म्हणणे असे की शो शिनने शस्त्रे जप्त केली नव्हती, राज्याच्या रक्षणासाठी कोठारात साठवली होती. त्रिशूळासारखा दिसणारा ‘साई’ तर शेतातला नव्हेच. तो बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्यांच्या हातात असे. आणि या विद्या जपल्या त्या बहुतांशी दरबारी घराण्यांनी. शेतावर राबणाऱ्याला दिवसभर दांडके फिरवायला सवड कुठून असणार?

तरीही ती कथा टिकली, कारण तिच्यात एक खरी गोष्ट आहे. वस्तू तीच असते. ती धरणाऱ्या हाताकडे बघणारा माणूस तिला कधी अवजार म्हणतो, कधी हत्यार. आणि हे ठरवण्याचा अधिकार बहुतेक वेळा त्या हाताकडे नसतो. यासाठी ओकिनावाला जायची गरज नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातच याहून जुनी आणि याहून खरी गोष्ट भिंतीला टांगलेली आहे.

आता त्या कपाटाविषयी. १९८०च्या दशकात मी अक्राणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होतो. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक मुलगा घरून परत येताना बरोबर कामठा आणि चार तीर घेऊन आला. मी नवा, शहरातून आलेला. शाळेत हत्यार आले म्हणून घाबरलो. कामठा काढून घेतला, कचेरीतल्या लोखंडी कपाटात हजेरीपटांच्या गठ्ठ्याखाली ठेवला आणि वहीत नोंद केली : ‘जप्त. धनुष्यबाण, हत्यार, नग एक.’

आठ-दहा दिवसांनी मुलाचे वडील आले. डोंगर उतरून पायीच आलेले. ते पावरी बोलत होते, मला ती येत नव्हती. मुलगाच मान खाली घालून मराठीत सांगत होता. वडिलांनी विचारले, ‘गुरुजी, घरातला विळासुद्धा आणून तुमच्या कपाटात ठेवू का?’ मला उत्तर देता आले नाही. मी कपाट उघडले. त्यांनी कामठा हातात घेतला, डोळ्यांसमोर आडवा धरला, आणि काही न बोलता त्याची दोरी उतरवली. मग मुलाला काहीतरी म्हणाले. मुलाने सांगितले, ‘बाबा म्हणतात, दोरी चढवलेलीच ठेवली. कामठा बसला.’

ताणलेले धनुष्य तसेच ठेवले तर त्याची लवचीकता मरते, वाक कायमचा राहतो. ‘बसला’ म्हणजे ते. ज्या वस्तूला मी हत्यार म्हणून कुलूप लावले होते, ती वापरात नसताना दोरी उतरवून ठेवायची असते, एवढेही मला माहीत नव्हते. तेव्हापासून तीर-कामठ्याविषयी जिथे जे मिळेल ते वाचत गेलो, विचारत गेलो. त्यातले थोडे आज सांगतो.

आधी त्याची घडण बघू. सातपुड्यातला कामठा बांबूचा. पोकळ बांबू त्याला चालत नाही. ज्याला वनखात्याच्या भाषेत मानवेल म्हणतात तो जाड भिंतीचा, जवळजवळ भरीव बांबू लागतो. तो उभा चिरून, तासून, दोन्ही टोकांकडे निमुळता करतात. खरी गंमत पुढे आहे. त्याची दोरीही बांबूचीच असते. बांबूच्या सालीकडच्या भागाची पातळ, चिवट पट्टी काढून ती दोन्ही टोकांना बांधायची. मराठीत बांबूच्या अशा पट्टीला आपण कामटी म्हणतो, आणि या धनुष्याला कामठा. दोन्ही शब्द एकाच घरातले वाटतात.

बांबूची दोरी ही गरिबीची सोय आहे, असे कोणाला वाटेल. तसे नाही. मोगल सैन्यातले नामांकित धनुष्य लाकूड, शिंग आणि जनावरांचे स्नायू सरसाने एकमेकांना चिकटवून केलेले असे. ते फार दूर मारा करी, पण दमट हवेत सरस सैल पडे, स्नायू फुगत. सातपुड्यात चार महिने पाऊस. तिथे असले धनुष्य काय कामाचे? बांबूला तेवढी ओल बाधत नाही. मोडला तर दुसरा तोडायचा, कोणाकडे मागायला जायला नको. विकत किंवा बदल्यात घ्यायचे ते फक्त तिराचे लोखंडी टोक, आणि ते गावच्या लोहाराकडे मिळे.

तिरांचे प्रकारही कामाप्रमाणे. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात भिल्लांच्या भात्याचे वर्णन आहे. भाता बांबूच्या चटईचा. काही तिरांचे टोक सुरीसारखे चपटे आणि धारदार, काहींचे खिळ्यासारखे गोल. आणि पाखरे मारायच्या तिरांना टोकच नाही, गाठीसारखे बोथट बोंड. अणकुचीदार तीर लहान पाखराच्या आरपार जातो किंवा झाडाच्या फांदीत रुतून बसतो. बोथट तीर पाखराला खाली पाडतो आणि पुन्हा हाती येतो.

त्याहून नामी तीर माशांचा. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२४-२५ मध्ये उत्तर हिंदुस्थानातून मुंबईकडे प्रवास करीत आले. त्यांचे प्रवासवर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, १८२८ मध्ये छापले गेले. राजपुतान्याच्या बाजूला त्यांना भिल्ल भेटले आणि बिशपसाहेबांनी त्यांचे धनुष्य हातात घेऊन निरखले. चिरलेल्या बांबूचे, साधे, पण मजबूत आणि लवचीक, असे त्यांनी लिहिले आहे. मासे मारायच्या तिराचे टोक काठीत पक्के नसे. मासा लागला की टोक निसटे, पण लांब दोरीने काठीला बांधलेले राही. मासा टोक घेऊन खोल जाई, आणि काठी पाण्यावर तरंगत राही. काठी दिसली की मासा कुठे आहे ते कळले. देवमासे मारणारे दर्यावर्दी जी युक्ती वापरत, तीच ही, असे हेबर यांचे म्हणणे. एवढा विचार करून घडवलेली वस्तू कोणत्या कामासाठी होती, हे वेगळे सांगायला नको. तिचा पहिला उपयोग पोट भरण्याचा होता आणि दुसरा राखणीचा.

या धनुष्याने एका समाजाला नावच दिले, असे बरेच अभ्यासक मानतात. तमिळमध्ये धनुष्याला ‘विल्’ म्हणतात, कानडीत ‘बिल्लु’. त्यावरून ‘भिल्ल’. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त भिल्लांचा उल्लेख येतो. म्हणजे जवळजवळ हजार वर्षे हे नाव चालत आले आहे.

एकलव्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. महाभारताच्या आदिपर्वातली कथा आपल्याला पाठ आहे. निषादराज हिरण्यधनूचा मुलगा एकलव्य, द्रोणाचार्य आणि तो उजवा अंगठा. पण कथेतला पुढचा तपशील आपण सहसा सांगत नाही. अंगठा गेल्यावर एकलव्याने धनुष्य टाकले नाही. उरलेल्या बोटांनी तो बाण सोडीत राहिला. पूर्वीचा वेग मात्र राहिला नाही, असे महाभारत सांगते. आदिवासी भागात अशी श्रद्धा आहे की त्या अंगठ्याच्या आठवणीसाठी आजही तीर सोडताना अंगठा लावायचा नाही, पहिल्या बोटांनीच दोरी ओढायची.

धनुर्विद्येच्या अंगाने बघितले तर यात मोठा अर्थ आहे. दोरी ओढण्याच्या जगात मुख्य पद्धती दोन. एकीत अंगठ्याने दोरी ओढतात. तुर्क, मंगोल, मोगल या पद्धतीचे. अंगठा कापू नये म्हणून ते अंगठ्यात दगडाची किंवा शिंगाची खास अंगठी घालीत. मोगल काळातल्या तशा अंगठ्या वस्तुसंग्रहालयांत बघायला मिळतात. दुसऱ्या पद्धतीत अंगठा मोकळा ठेवून बोटांनी दोरी ओढतात. आज ऑलिम्पिकच्या तिरंदाजीत खेळाडू ओढतात ते याच पद्धतीने, तीन बोटांनी. द्रोणाचार्यांनी मागितलेल्या अंगठ्यावाचून आज जगातले मोठे तिरंदाज सुवर्णपदक मिळवतात. राजस्थानच्या आदिवासी भागातला लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्यावर शिकला. १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये तो उतरला. १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली, आणि २०१२ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली.

तर हे झाले अवजार. आता त्याचे हत्यार कसे झाले ते बघू.

तीर-कामठा लढाईत वापरला गेला नाही, असे मी म्हणणार नाही. उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन यांना जोडणाऱ्या वाटा सातपुड्यातून आणि अजिंठ्याच्या डोंगरातून जात. या घाटांची राखण भिल्ल नाईकांकडे होती. खानदेशातल्या गावोगावी जागल्याचे काम भिल्लच करीत. राखण करणाऱ्याच्या हातात तीर-कामठा हवाच. ते त्याच्या कामाचे साधन. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकर-शिंद्यांच्या झगड्यात आणि १८०३ च्या दुष्काळात खानदेश उजाड झाला, राखणीचे हक्क बुडाले. मग राखणदारच डोंगरात शिरले आणि वाटा अडवू लागले. सामान तेच, हातही तेच. फक्त त्या हातांना मिळणारा मोबदला थांबला होता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे कारभार होता. पलटणी डोंगरात पाठवून बघितल्या, नाईकांना तनखे देऊन बघितले. पलटणींना ताप आणि जंगल यांनीच जेर केले. त्या काळच्या बंदुकीत दर बारानंतर दारू आणि गोळी ठासावी लागे, पावसात दारू भिजे, धूर आणि आवाज यांनी जागा उघडी पडे. झाडाआडून येणाऱ्या तिराला ना धूर, ना आवाज. मोकळ्या मैदानात बंदूक वरचढ होती, पण सातपुड्यात मोकळे मैदान आणायचे कुठून?

शेवटी मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारायचे ठरले. काम दिले लेफ्टनंट जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याला. हाच पुढे १८५७ मध्ये लखनौला गाजला. आउट्रम भिल्लांबरोबर राहिला, वाघांच्या शिकारी केल्या, त्यांचा विश्वास मिळवला आणि धरणगावला ‘खानदेश भिल्ल कोअर’ उभी राहिली. योगायोग असा की हेबर भिल्लांचा माशांचा तीर निरखत होते तोही हाच काळ. काल ज्या हातात कामठा होता म्हणून तो हात दरोडेखोराचा, त्याच हातात कंपनीची बंदूक आली तेव्हा तो शिपायाचा झाला.

१८५७ मध्ये हे उलटे फिरले. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक कंपनीवर उठला. त्याने मुंबई-आग्रा रस्त्यावर सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी इथे त्याच्या माणसांची आणि इंग्रज फौजेची मोठी लढाई झाली. भिल्लांबरोबर बंदुका बाळगणारे मकराणीही होते. लढाईनंतर पकडलेल्या अनेकांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या. अंबापाणीचे नाव सातपुड्याच्या पट्ट्यात आजही आदराने घेतले जाते. आपल्या शाळेच्या इतिहासात मात्र ते क्वचितच येते.

पण कामठ्यावरचा खरा घाव लढाईत पडला नाही, तो कागदावर पडला. १८७८ साली सरकारने दोन कायदे केले. त्या वर्षीचा सातव्या क्रमांकाचा कायदा जंगलाचा. त्याने राखीव जंगल ही गोष्ट आणली. तिथे नियमाबाहेर शिकार करणे, मासे मारणे, फास लावणे हे गुन्हे ठरले. अकराव्या क्रमांकाचा कायदा हत्यारांचा. त्यात ‘हत्यारे’ या शब्दाची व्याख्या देताना बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले यांच्या रांगेत ‘धनुष्य आणि बाण’ असे स्पष्ट लिहिले होते. एकाच वर्षी एका कायद्याने कामठ्याचे काम काढून घेतले आणि दुसऱ्याने त्याला हत्यार हे नाव दिले. या दोन कायद्यांचा एकत्र विचार कोणी केला होता की नाही, कोण जाणे. डोंगरातल्या माणसाच्या घरात मात्र ते एकाच दाराने शिरले.

ओकिनावाची दंतकथा म्हणते की शस्त्रे काढून घेतली म्हणून लोकांनी अवजारांची शस्त्रे केली. आपल्याकडे उलटे झाले. लोकांकडे अवजारच होते. कायद्याने त्याचे शस्त्र केले.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा आला. त्याची व्याख्या वाचताना मला त्या पावरा गृहस्थांचा विळा आठवला. धनुष्यबाणाचे नाव त्या व्याख्येतून गेले आहे. शिवाय जी वस्तू केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवली आहे, ती शस्त्र नव्हे, असे त्यात म्हटले आहे. लाठी आणि साधी हातातली काठी ही उदाहरणेही दिली आहेत. म्हणजे ‘विळासुद्धा आणून ठेवू का’ या प्रश्नाचे उत्तर मी शिक्षक होण्याच्या कितीतरी आधी कायद्यात लिहून ठेवलेले होते. मला ते माहीत नव्हते, आणि ज्याने प्रश्न विचारला त्याला कायद्याची गरज पडली नव्हती.

पण गोष्ट इथे संपत नाही. आपल्या वर्तमानपत्रात सणासुदीला किंवा आंदोलनाच्या वेळी छोटी बातमी येते, ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली तो निघतो. त्यात तलवारी, भाले, लाठ्या यांच्याबरोबर दगड गोळा करणे आणि दगड फेकण्याची साधने बाळगणे यांनाही बंदी असते. आता ज्वारी दाण्यावर आली की शेतात माळा उभा करून पोरे गोफण फिरवतात, ती काय आहे? दगड फेकण्याचे साधनच की! शेतात असेपर्यंत ती राखणीची गोफण. तीच खांद्यावर टाकून पोरगा रस्त्यावर आला की कलम ३७. शांतता राखायला असे आदेश लागतात, हे मला मान्य आहे. गर्दीत दगड लागून कोणाचा डोळा जाऊ नये, हेही मान्य. पण एकच वस्तू बांधाच्या अलीकडे अवजार आणि पलीकडे हत्यार कशी होते, हे गोफणीसारखे दुसरे काही दाखवत नाही.

तीच तऱ्हा आपल्या बातम्यांची. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाची मिरवणूक निघते. लोक पारंपरिक वेशात येतात, खांद्यावर तीर-कामठा असतो. दुसऱ्या दिवशी ‘पारंपरिक शस्त्रांसह मिरवणूक’ असे छापून येते. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. मीही वहीत नोंद करताना माझ्या मनात वाईट काही नव्हते.

मग आज तीर-कामठ्याचे काम काय उरले? शिकारीचे उरले नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते उरूही नये. आपल्या जंगलात आता वाचवायलाच फार थोडे राहिले आहे. ज्यांनी हे जंगल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून वापरले, त्यांनाही हे कळते. पण वस्तूचे काम संपले म्हणजे तिचा मान संपत नाही. अक्कलकुव्याजवळ काठी नावाचे गाव आहे. पूर्वी मेहवासी संस्थानांपैकी ते एक. तिथली राजवाडी होळी बघायला दूरदूरचे लोक येतात. रात्रभर ढोल वाजतात, डोक्याला मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू, आणि पहाटे उंच बांबूची होळी पेटते. त्या गर्दीत कामठे खांद्यावर घेतलेले बापे नाचत असतात. कोणी कोणावर तीर रोखत नाही. जाणकार पाहुणा आधी ढोलाकडे बघतो, नवखा मात्र कामठ्याकडे बघून दोन पावले मागे सरतो. त्याची ती दोन पावले म्हणजे १८७८ ची व्याख्याच आहे. कायदा बदलून साठ वर्षांहून अधिक काळ गेला, पण ती आपल्या पायातून गेलेली नाही.

शहाद्याच्या त्या मुलाकडे परत येतो. त्याने नानचाकू फिरवू नये, असे मी त्याला सांगितले नाही, सांगणारही नाही. चांगला फिरवत होता. ओकिनावाच्या लोकांचे कौतुक वाटते ते यासाठी की वल्हे, विळा, जात्याचा खुंटा यांची त्यांना लाज वाटली नाही. त्यांनी त्यातून विद्या उभी केली, गुरू-शिष्य परंपरा उभी केली, आणि आपल्या सातपुड्यातला मुलगा ती शिकतो आहे. मी त्याला एवढेच म्हणालो, ‘आता गावी जाशील तेव्हा आजोबांना एक विचार. कामठ्याची दोरी कशी चढवायची आणि कशी उतरवायची?’ त्याने ‘हो सर’ म्हटले. विचारले की नाही, ते कळायला मार्ग नाही. पण हे ज्ञान पुस्तकात नाही. बांबू कोणता, कोणत्या ऋतूत तोडायचा, किती तासायचा, कामटी कुठून काढायची, हे सारे बोटांत राहते आणि आजोबांबरोबर जाते.

त्या दिवशी आश्रमशाळेच्या ओट्यावर मुलाच्या वडिलांनी दोरी उतरवलेला कामठा खांद्याला लावला, चारही तीर मोजून घेतले आणि मला रामराम करून डोंगराकडे चालू लागले. मुलगा कचेरीच्या दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. मी आत येऊन वही उघडली आणि नोंदीपुढे ‘पालकास परत’ असे लिहून तारीख टाकली. नोंद पुरी झाली, असे मला वाटले.

ती वही आता कुठे असेल, कोणास ठाऊक. पण ‘धनुष्यबाण’ या शब्दापुढे मी लिहिलेला ‘हत्यार’ हा शब्द तसाच राहिला. तो खोडायचे मला त्या दिवशी सुचले नाही. आज एवढ्या वर्षांनी, तुमच्या साक्षीने, तो खोडतो आहे.